लाईट बिल, गिझर आणि आईचा पंखा : काटकसर मोजून कशी करायची?

या आठवड्याचा भाग ज्यांनी बसमध्ये, लोकलमध्ये अर्धवट ऐकला त्यांच्यासाठी हा लेखी भाग. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून आकडेमोड इथे नीट मांडली आहे. मोबाईलवरचं कॅल्क्युलेटर उघडून ठेवा, लागणार आहे.

आजचा विषय घरखर्च. ‘बाहेरचा चहा सोडा, महिन्याला इतके वाचतील’ असले सल्ले तुम्ही शंभर वेळा ऐकले असतील. ते चुकीचे नसतात, पण कुठला खर्च आधी कमी करायचा हे त्यातून कळत नाही. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे प्रोग्राम हळू चालत असेल तर आधी वेळ कुठे जातोय ते मोजतात आणि मग कोडला हात लावतात. न मोजता दुरुस्ती करायला बसलं की दोन दिवस जातात आणि प्रोग्राम तेवढाच हळू राहतो. घरखर्चाचंही तसंच आहे. लाईट बिलापासून सुरुवात करू, कारण तिथे सगळं मोजता येतं.

काटकसर कुणाच्या वाट्याला येते?

आमचं चौघांचं घर आहे, पिंपरीत. बाबा गेल्या वर्षी रिटायर झाले, धाकटी बहीण शिकतेय. म्हणजे एक पगार आणि एक पेन्शन, त्यात फ्लॅटचा हप्ता. बाबांनी लगेच मोहीम काढली. ‘हा लाईट कुणी चालू ठेवला?’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायला लागलं. आणि आईने काय केलं? कुणाला काही न सांगता दुपारी आडवी होताना पंखा बंद ठेवायला लागली. मे महिन्यात! विचारलं तर म्हणाली, “अरे, मला काही एवढं उकडत नाही.”

घरोघरी हेच होतं बघा. खर्च कमी करायचं ठरलं की आपल्या गरजा सगळ्यात आधी आई कमी करते. न मोजता केलेली काटकसर जो कमी बोलतो त्याच्यावर पडते. म्हणून हिशेब करायचा. पैसे तर वाचतातच, शिवाय उगाच कुणी घाम गाळत बसत नाही.

युनिट म्हणजे काय?

बिलातलं एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-अवर. 1000 वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. सूत्र सोपं आहे:

वॉट × तास ÷ 1000 = युनिट

आता घरातल्या वस्तू यात टाका. 9 वॉटचा एलईडी बल्ब एक युनिट जाळायला साधारण 111 तास घेतो. रात्रभर, म्हणजे आठ तास, चुकून राहिला तर 0.072 युनिट. हिशेबाच्या सोयीसाठी युनिट 10 रुपये धरलं, तर 72 पैसे. बाबांचा आवाज त्या 72 पैशांसाठी चढत होता.

साधा सिलिंग फॅन साधारण 75 वॉटचा असतो. आई दुपारी तीन तास पंखा बंद ठेवायची, म्हणजे रोजचं 0.225 युनिट. महिन्याला सात युनिटही नाही.

2000 वॉटचा गिझर मात्र पाणी तापवत असेल तर अर्ध्या तासात एक युनिट खातो. थर्मोस्टॅट मधेमधे तोडतो म्हणून तो सलग चालत नाही, पण खरा खर्च कुठे आहे याचा अंदाज आला असेल. एक नियम लक्षात ठेवा: उजेड स्वस्त, वारा बऱ्यापैकी स्वस्त, गरम किंवा थंड करणं महाग. गिझर, इस्त्री, इंडक्शन, एसी हे मोठे खाणारे. फ्रीज तेवढा जोरात खात नाही, पण चोवीस तास चालू असतो.

बादली विरुद्ध शॉवर

पाणी तापवण्याचं अजून एक सूत्र आहे. अकरावीच्या फिजिक्समधलंच, फक्त युनिटमध्ये बदललेलं:

लिटर × जितके अंश तापमान वाढवायचं ÷ 860 = युनिट

नळाचं पाणी 25 अंशांचं आणि अंघोळीचं 40 अंशांचं धरू. वाढ 15 अंश. बादलीत 18 लिटर पाणी असेल तर 18 × 15 ÷ 860, म्हणजे 0.31 युनिट. आमच्या शॉवरखाली एक मिनिट बादली धरून मोजलं तर सहा मिनिटांच्या अंघोळीला 50 लिटर होतं. 50 × 15 ÷ 860, म्हणजे 0.87 युनिट.

फरक 0.56 युनिटचा. एवढ्या विजेत आईचा पंखा जवळजवळ साडेसात तास चालतो! मी आणि बहीण दोघंच शॉवर वापरायचो. दोघांनी गरम पाण्यापुरता शॉवर सोडून बादली घेतली तर महिन्याला 33 च्या आसपास युनिट वाचतात. आईच्या दुपारच्या पंख्याच्या पाचपट. हा कागद मी बाबांसमोर ठेवला. ते दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, “मग तिला पंखा लावू दे की.” त्या दिवसापासून दुपारचा पंखा सुरू झाला.

गिझरच्या आणखी दोन गोष्टी. थर्मोस्टॅट फिरवून कमी करता येत असेल तर करा. पाणी उकळतं तापवून मग त्यात गार मिसळण्यात फायदा नाही, कारण टाकी जितकी जास्त तापलेली तितकी उष्णता बाहेर जाते. दुसरं, सगळ्यांच्या अंघोळी लागोपाठ उरका. सहाला एक आणि नऊला दुसरी झाली तर मधले तीन तास टाकी नुसती गार होत राहते.

स्वयंपाकघरातही हेच. पाणी एकदा उकळलं की गॅस कितीही मोठा केला तरी ते त्याहून जास्त तापत नाही, नुसती वाफ वाढते. म्हणून उकळी आली की गॅस बारीक, कुकरची शिट्टी झाली की गॅस बारीक, आणि डाळी-कडधान्यं आधी भिजत घातलेली. आपल्या आज्यांना हे माहीत होतंच, आपण फक्त त्याला सूत्र जोडतोय.

बिल वाचायचं कसं?

महावितरणच्या घरगुती बिलात 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे टप्पे असतात. पुढच्या टप्प्याचा दर जास्त. यात एक गैरसमज खूप आहे. लोकांना वाटतं, 301 वं युनिट झालं की अख्खं बिल महाग दराने लागतं. तसं होत नाही. 310 युनिट वापरली तर पहिली 100 पहिल्या दराने, पुढची 200 दुसऱ्या दराने आणि फक्त शेवटची 10 तिसऱ्या दराने.

याचा आपल्याला उपयोग काय? तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून कमी होतं. म्हणजे बचतीचा हिशेब करताना सरासरी दर धरू नका, तुम्ही पोचलेल्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर धरा. त्यात वहन आकार मिळवा, तोही युनिटवरच लागतो, आणि वर वीज शुल्क. स्थिर आकार मात्र तुम्ही काहीही केलं तरी तेवढाच राहतो. दर बदलत असतात, म्हणून नेटवरच्या जुन्या आकड्यावर विसंबू नका, बिलावर छापलेले बघा. भाड्याने राहत असाल आणि मालक सबमीटरवरून पैसे घेत असेल, तर तो युनिटला किती लावतो हेही एकदा बिलाशी ताडून बघा.

मीटरचा लाल दिवा

हा माझा आवडता प्रयोग. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी एका युनिटला किती लुकलुक तो आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ 3200. मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि लुकलुक मोजा. 16 वेळा लुकलुकला तर तासाला 960 होतील. 960 ÷ 3200 म्हणजे 0.3, अर्थात घरात त्या क्षणी 300 वॉट चालू आहेत.

रात्री झोपायच्या आधी सगळं बंद करून मोजा. तरीही दिवा जोरात लुकलुकत असेल तर शोधा: सेट-टॉप बॉक्स, राऊटर, जुना फ्रीज, की बटन बंद करायचं राहिलेला गिझर. 10 वॉटची वस्तू चोवीस तास चालली तर महिन्याला सात युनिट होतात. राऊटर बंद करा असं मी म्हणत नाहीये, मीही करत नाही. पण कुणीच बघत नसलेला सेट-टॉप बॉक्स भिंतीच्या बटनावरून बंद करायला काय हरकत आहे?

नवी वस्तू घ्यायची की नाही?

बीएलडीसी पंखा 30 वॉटच्या आसपास घेतो. म्हणजे साध्या पंख्यापेक्षा 45 वॉट कमी. रोज 12 तास चालणारा पंखा असेल तर महिन्याला 16 युनिट, 10 रुपयांच्या हिशेबाने 160 रुपये वाचतात. समजा तो 1500 रुपयांनी महाग आहे, तर साधारण दहा महिन्यांत पैसे वसूल. पण पाहुण्यांच्या खोलीतला, रोज दोनच तास चालणारा पंखा बदलला तर वसुलीला साडेचार वर्षांच्या वर जातात. आम्ही हॉल आणि बेडरूमचे दोनच बदलले. चांगला चालणारा पंखा, केवळ जाहिरात बघून, काढून टाकू नका.

एसी आणि फ्रीज घेताना नुसत्या ताऱ्यांवर जाऊ नका. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा असतो, दोन मॉडेलचा तो आकडा शेजारी ठेवा. एसी आधीच असेल तर 24 अंश ठेवून सोबत पंखा लावा. तापमान एक अंशाने वाढवलं तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असा ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचा अंदाज आहे.

बादली आणि दोन पंखे, एवढ्या दोन गोष्टींनी आमचा वापर 318 युनिटवरून 255 च्या आसपास आला. म्हणजे वरचा टप्पा सुटला. कुणीही अंधारात बसलं नाही.

हीच मोजपट्टी इतर खर्चांना

मोबाईल रिचार्ज घ्या. 28 दिवसांचा प्लॅन वर्षात 12 वेळा नाही, 13 वेळा मारावा लागतो. म्हणून महिन्याचा भाव बघू नका. किंमत भागिले दिवस करा आणि रोजचा भाव काढा. मग 28, 56, 84 दिवसांचे प्लॅन एका रांगेत येतात. आई-बाबांच्या फोनवर रोजचा दोन जीबी डेटा खरंच वापरला जातो का, तेही बघून घ्या.

किराण्यात पाकिटावर एमआरपीच्या जवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर भाव छापलेला असतो, तो वाचा. मोठं पाकीट स्वस्तच पडतं असं काही नाही. शॅम्पूच्या बाबतीत कित्येकदा पुडीचा मिलिलिटरमागे भाव बाटलीपेक्षा कमी निघतो. आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा अजून पाच रुपयांनाच मिळतोय म्हणून खूश होण्याआधी आतलं वजन बघा.

शेवटचं म्हणजे ऑटोपे. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा विभाग उघडा. महिन्याला 149 रुपये छोटे वाटतात, वर्षाचे 1788 होतात. पैसे कापण्याच्या आदल्या दिवशी सूचना येते, पण ती आपण बोटाने बाजूला सारतो. दोन महिन्यांत एकदाही न उघडलेलं ॲप असेल तर त्याचं ऑटोपे रद्द करा. पुन्हा हवंसं वाटलं तर एका मिनिटात सुरू होतं.

या रविवारचा गृहपाठ

सकाळी मीटरचं रीडिंग फोटो काढून ठेवा. पुढच्या रविवारी त्याच वेळी दुसरा फोटो. वजाबाकी केली की आठवड्याची युनिट मिळाली. घरातल्या पाच मोठ्या वस्तूंचे वॉट आणि तास एका कागदावर लिहा, गुणाकार करा आणि कागद फ्रीजवर चिकटवा. यादीत जी वस्तू सगळ्यात वर येईल तिच्यापासून सुरू करा. आणि तो कागद घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचा. कोण काय कमी करणार हे चौघांसमोर ठरलं की कुणा एकाला गुपचूप सोसावं लागत नाही.

तुमच्या यादीत पहिल्या नंबरवर काय आलं ते मला नक्की कळवा. गिझर असेल असा माझा अंदाज आहे, पण मोजल्याशिवाय काही बोलत नाही! चला, भेटू पुढच्या भागात.