कोरडे विवर, खारे तळे

काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने आम्ही पती-पत्नी अमेरिकेत गेलो होतो. काम संपल्यावर भाड्याची मोटार घेऊन सॉल्ट लेक सिटीपासून अॅरिझोनाच्या वाळवंटापर्यंत डोंगर-माळ पालथे घातले. नंतर किन्हीराजाला गावी आलो, तेव्हा शाळेतल्या मुलांनी विचारले, "तिथे असे काय पाहिले, जे इथे नाही?" विचार केल्यावर लक्षात आले की, तिथे आठशे-नऊशे किलोमीटरच्या अंतराने पाहिलेल्या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच ठिकाणी आहेत. किन्हीराजाहून मालेगाव, मेहकर करत सकाळी निघावे आणि संध्याकाळी परत यावे, इतके ते जवळ आहे. ते म्हणजे लोणार.

पहिली गोष्ट ग्रेट सॉल्ट लेक. या सरोवरात नद्या येतात, पण बाहेर एकही जात नाही. पाणी फक्त वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. १९५९ साली झालेल्या रेल्वेच्या भरावामुळे सरोवराचे दोन भाग पडले. उत्तर भागात नद्यांचे पाणी फारसे पोहोचत नाही. तिथले अतिखारे पाणी गुलाबी दिसते, कारण हॅलोआर्किया नावाचे मिठात वाढणारे सूक्ष्मजीव.

दुसरी गोष्ट विन्स्लोजवळचे उल्काविवर. व्यास १.२ किलोमीटर, खोली सुमारे १७० मीटर, वय सुमारे ५० हजार वर्षे. हा ज्वालामुखीचा प्रकार असावा, असे पूर्वी काही भूशास्त्रज्ञ मानत. १९६० साली यूजीन शूमेकर आणि सहकाऱ्यांनी येथे कोएसाइट हे प्रचंड दाबाखाली बनणारे क्वार्ट्‌झचे रूप दाखवले आणि आघाताची बाजू भक्कम झाली. पाऊस अगदी कमी असल्याने विवराचा तळ कोरडा आहे.

आता लोणार पाहू. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. आपला सगळा परिसर लाव्हाचा, म्हणून हे ज्वालामुखीचे मुख वाटणे स्वाभाविक होते. पण इथला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर विवर त्यामानाने अगदी अलीकडचे. एका पद्धतीने त्याचे वय सुमारे ५० हजार वर्षे येते, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात इथल्या खडकात मास्केलिनाइट आढळल्याचे दाखवले गेले. फेल्डस्पार हे खनिज न वितळता, केवळ आघाताने काचरूप झाले की मास्केलिनाइट बनते. ज्वालामुखीत असे घडत नाही.

म्हणजे वाटी अॅरिझोनासारखी. पण इथे मोसमी पाऊस आहे, झरे आहेत. म्हणून तळे साचले. काठ चहूबाजूंनी बंद, म्हणून ते ग्रेट सॉल्ट लेकप्रमाणे खारे झाले. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात हॅलोआर्कियाच सापडले.

एक फरक मात्र आहे आणि तो वर्गात दाखवता येतो. दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात मीठ, दुसऱ्यात धुण्याचा सोडा विरघळवा. दोन्हींत हळदीने रंगवलेला कागद बुडवा. मिठात तो पिवळाच राहील, सोड्यात लालसर होईल. ग्रेट सॉल्ट लेकमध्ये मुख्यतः मीठ आहे. लोणारमध्ये मिठाबरोबर सोडाही आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायॉक्साइड खडकातले सोडियम, कॅल्शियम हळूहळू सोडवतो. पाणी आटू लागले की कॅल्शियम कार्बोनेट आधी तळाशी बसते, सोडियम कार्बोनेट पाण्यात उरते. 'आईन-इ-अकबरी'त या भागात साबण व काच बनवण्याची द्रव्ये मिळतात अशी नोंद आहे, ती याचमुळे.

बंद वाटीचा हा नियम क्षारांपुरता नाही. उतारावरून येणारे सांडपाणी, धुण्याची पावडर, शेतातली खते या वाटीत उतरली, तर त्यांनाही बाहेरची वाट नाही. नदी आपली घाण पुढे तरी नेते. लोणारला ती सोय नाही. सहल काढाल तेव्हा विद्यार्थ्यांना काठावर उभे करून एवढेच विचारा: यात पडलेले बाहेर कुठून जाईल?