भिशी आणि स्नेह्यांचा धाक
एकट्याने केलेला बचतीचा संकल्प बहुधा गल्ल्यापाशीच मोडतो, हे व्यापारी बंधूंस सांगावयास नको. भिशीत बारा स्नेही दरमहा 500 रुपये जमवितात; चिठ्ठीत ज्याचे नाव निघेल त्यास 6,000 रुपये मिळतात. पहिला उचलणारा वस्तुतः बिनव्याजी कर्जदार. खरी बचत शेवटच्याची. तेव्हा कसोटी असते ती रक्कम उचलल्यानंतर. आम्ही एकदा तिसऱ्याच महिन्यात भिशी उचलली आणि पुढे मंदीत हप्ता जड झाला. रोज पेढीवर भेटणाऱ्या स्नेह्यांस तोंड कसे दाखवावे, या एकाच धास्तीने तो भरला! नोंदणीकृत चिट फंडावर 1982 च्या कायद्याचा अंकुश असतो. घरगुती भिशीत एक वही आणि अकरा जणांची ओळख एवढेच तारण. म्हणून चुकलेला हप्ता त्याच दिवशी, सर्वांसमक्ष वहीत लिहावा; मग तो सख्ख्या मेहुण्याचा का असेना.