धडधाकट वळू, दुबळे वासरू



संकरित गाईचं वासरू जन्मतं धडधाकट, पण पुढे तोंड येतं, हगवण लागते, न्यूमोनिया होतो. औषधाने उतार पडतो, पुन्हा तेच. मग आपण म्हणतो, चीक कमी पडला. पुष्कळदा ते खरंही असतं. परंतु होल्स्टीन फ्रिजियन रक्ताच्या जनावरांत याला एक आनुवंशिक कारणही असू शकते. त्या रोगाला 'ब्लॅड' म्हणतात.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. या रोगात त्या रक्तात भरपूर असतात, पण रक्तवाहिनीबाहेर पडून रोगजंतूपर्यंत पोचू शकत नाहीत. बहुतेक वासरे वर्षाच्या आत दगावतात. कारण एवढेच, की एका जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. १९९२ साली हा बदल उघड झाला. वंशावळ तपासत मागे गेल्यावर अमेरिकेतला ऑस्बॉर्नडेल इव्हानहो हा १९५२ सालचा नामांकित वळू सापडला.

नामांकित कसा? दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला तर जनावर निरोगी राहते. ते फक्त वाहक असते. वाहक वळू आणि वाहक गाय एकत्र आली, तर चारात एक वासरू रोगी निघण्याचा संभव. तेव्हा वळू डोळ्यांनी पारखून भागत नाही.

प्रयोगशाळेत वळूच्या थोड्या रक्तातून जनुकद्रव्य काढतात व त्याच्या असंख्य प्रती करतात. त्यात दोन शोधक तुकडे सोडतात, एक निरोगी अक्षराला जुळणारा, दुसरा दोषी अक्षराला. प्रत्येकाला वेगळ्या रंगाने चमकणारा पदार्थ जोडलेला असतो, आणि ती चमक दाबून धरणाराही. तुकडा कुलपात किल्लीसारखा बसला, की प्रत होताना तो तुटतो आणि चमक मोकळी होते. फक्त निरोगी रंग दिसला तर वळू शुद्ध, दोन्ही दिसले तर वाहक.

आपल्या देशातही फ्रिजियन व संकरित जनावरांत थोडे वाहक सापडले आहेत. म्हणून गोठित रेत तयार करणाऱ्या केंद्रांवर अशा वळूंची ब्लॅडसाठी तपासणी करावी, असे केंद्र सरकारचे निकष आहेत. मग ती या रंगाच्या पद्धतीने होवो वा दुसऱ्या.

साखरखेर्ड्यात किंवा आसपास गाय माजावर आली की गावात मोकळ्या फिरणाऱ्या संकरित वळूकडे नेऊ नका. त्याचे रक्त कोणी तपासले? दवाखान्यात भरून घ्या. रेताच्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, तो तारखेसह वहीत टिपा. पुढे कालवड माजावर आली, की वही काढून बघा आणि तिला बापाच्याच क्रमांकाची कांडी भरू देऊ नका.