पहिल्या एसएलआरसोबत आधी काय घ्यावं?

पहिला एसएलआर घेताना दुकानात बहुधा पिशवी, यूव्ही फिल्टर, हलका ट्रायपॉड आणि दुसरी झूम लेन्स असा संचच पुढे केला जातो. त्यातलं बरंचसं लगेच लागत नाही. लागतं ते चांगल्या कंपनीचं मेमरी कार्ड, एक जादा बॅटरी, धूळ उडवायला रबरी ब्लोअर आणि आपल्या हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, एक हवाबंद डबा.

डब्याचं आधी सांगतो, कारण तो बहुतेकांना लेन्स खराब झाल्यावर आठवतो. पावसाळ्यात आर्द्रता अनेक दिवस ६० टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशी धरू शकते. तिच्यातून पाझरणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. मग लेन्स उघडून साफ केली तरी डाग राहतो. कॅमेऱ्याची पिशवी प्रवासासाठी ठीक, पण तिचं कापड आणि फोम ओल धरून ठेवतात. घरात कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. सोबत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक असू द्या. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. निळे खडे गुलाबी झाले की त्यांत ओल भरली असं समजा. गरम करून वाळवले की ते पुन्हा वापरता येतात, फक्त स्वयंपाकाच्या भांड्यात गरम करू नका.

आता लेन्स. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स लोक उगाच कमी लेखतात. दिवसाउजेडी किल्ला, रस्ता, माणसं, सगळं ती नीट टिपते. अडते ती संध्याकाळी घरात. ५५ मिमीला तिचं छिद्र जास्तीत जास्त एफ ५.६ एवढंच उघडतं. हा आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले छिद्राचा व्यास. म्हणून तो जितका लहान, तितकं छिद्र मोठं. ५० मिमी एफ १.८ या लेन्समधून त्याच्या नऊपटींहून जास्त प्रकाश येतो. किट लेन्सला १/१० सेकंद लागत असेल तिथे हिला १/१०० पुरतो. किट लेन्समधली कंपनरोधक सोय आपला हात सावरते, पण आरतीत टाळ्या वाजवणारं मूल त्याने थांबत नाही. त्याला वेगवान शटरच लागतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे. तिथेही हीच लेन्स कामाला येते.

माझ्या मते पहिली जादा लेन्स हीच, कारण ती स्वस्तही आहे. फक्त दोन गोष्टी तपासा. सुरुवातीच्या एसएलआरमध्ये सेन्सर लहान असतो, त्यामुळे ५० मिमीची चौकट निकॉनवर ७५ आणि कॅननवर ८० मिमीसारखी दिसते. एका माणसाच्या चेहऱ्याला हे छान, पण छोट्या खोलीत अख्खं कुटुंब मावत नाही. तिथे निकॉनची ३५ मिमी किंवा कॅननची २४ मिमी बरी. दुसरं, निकॉन डी३५०० किंवा डी५६०० मध्ये फोकसची मोटर नाही. त्यावर जुनी 'डी' लेन्स बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. 'एएफ-एस' लिहिलेली घ्या. कॅननच्या एसएलआरवर मिररलेससाठीच्या आरएफ लेन्स बसतच नाहीत.

टेलिफोटो गरज असेल तरच. भिगवणला रोहित पक्षी टिपायचे असतील तर ७०-३०० मिमी उपयोगी, पण ३०० मिमीला हातातल्या कॅमेऱ्यावर शटर १/५०० च्या आसपास ठेवा.

ट्रायपॉड धबधबे आणि ताऱ्यांसाठी. हलका, डुगडुगणारा घेण्यापेक्षा थांबून मजबूत घ्या. यूव्ही फिल्टरची डिजिटल सेन्सरला गरज नाही. लेन्स हूड भिंतीचा धक्का झेलतो आणि आडवा येणारा प्रकाशही अडवतो. खरा उपयोगी फिल्टर पोलरायझर. पावसाळी पानांवरची चकाकी त्याची कडी फिरवताच उतरते आणि खालचा हिरवा रंग दिसतो. हे काम नंतर संगणकावर नीट जमत नाही. घेताना लेन्सच्या तोंडावरचा व्यासाचा आकडा पाहून घ्या.

पुढच्या लेन्ससाठी पैसे काढण्याआधी महिनाभर किट लेन्सनेच फोटो काढा आणि प्रत्येक फोटोच्या माहितीत नोंदलेली फोकल लेंथ पाहा. बहुतेक फोटो ५५ ला अडलेले असतील तर लांबची लेन्स घ्या, १८ ला अडलेले असतील तर रुंद घ्या आणि अंधारात हललेले असतील तर एफ १.८ ची.