‘देवाघरी’ गेलेल्या आईचा शोध

घरातले कोणी गेले, की लहान मुलांना आपण सांगतो, ‘ती देवाघरी गेली.’ मृत्यूचा घाव सौम्य करणारा हा वाक्प्रचार मुलाने शब्दशः घेतला तर? मकरंद माने यांच्या ‘रिंगण’ या चित्रपटाची उभारणी याच प्रश्नावर झाली आहे.

दिग्दर्शक म्हणून माने यांचा हा पहिलाच चित्रपट. २०१५ या वर्षासाठीच्या ६३व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि जून २०१७मध्ये प्रदर्शित झाला. कर्जाने पिचलेला शेतकरी अर्जुन मगर (शशांक शेंडे) आणि त्याचा मुलगा अभिमन्यू (साहिल जोशी) पंढरपुरात येतात. बापाला विवंचनेतून सुटका हवी आहे, मुलाला आई. देवाचे घर पंढरपुरात असेल, तर आईही तेथेच असली पाहिजे, हा त्याचा तर्क बिनचूक आहे.

येथेच कुटुंब आणि श्रद्धा समोरासमोर येतात. खरे सांगावे, तर मुलाचा आधार जातो. न सांगावे, तर त्याचा शोध संपत नाही. ‘देऊळ’ने (२०११) श्रद्धेभोवतीचा बाजार दाखवला होता. ‘रिंगण’ त्या गर्दीतून चालणाऱ्या बापलेकांकडे पाहतो.

देवाचे घर कोठे, याचे निराळे उत्तरही महाराष्ट्रात आहे. बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे वीरशैव संत मन्मथस्वामींची समाधी आहे. वीरशैव भाविक इष्टलिंग अंगावरच धारण करतो. त्याचा देव सदैव त्याच्याजवळ असतो. तरीही पंढरपूरच्या कार्तिकी एकादशीनंतर चारच दिवसांनी, कार्तिक पौर्णिमेला, दिंड्या पायी कपिलधारला पोहोचतात. देव जवळ असला, तरी माणसाला सोबत लागते. दिंडी ती देते.

अर्जुन आणि अभिमन्यूलाही शेवटी एकमेकांचीच सोबत आहे. वारीत वारकऱ्यांच्या कड्यातून अश्व धावतो, ते रिंगण. महाभारतातल्या अभिमन्यूला मात्र चक्रव्यूहातून बाहेर पडण्याची विद्या अवगत नव्हती. पात्रांच्या नावांमुळे चित्रपटाच्या शीर्षकात हे दोन्ही अर्थ ऐकू येतात. कर्जाच्या आणि दुःखाच्या वेढ्यातून मुलाला बाहेर काढायचे, तर बापाला आधी स्वतः वाट शोधावी लागते. अर्जुनापुढची खरी वारी हीच आहे.