घरचें कर्ज व घरची वही

शेकड्याच्या व्याजाचें गणित आमच्या शाळेंतील आठव्या इयत्तेचा विद्यार्थी बिनचूक सोडवितो. पण आपल्या घरीं किती कर्ज आहे व तें कोणत्या दरानें वाढत आहे, हें त्याला ठाऊक नसतें. कित्येक घरीं तें त्याच्या आईलाहि ठाऊक नसतें. कर्ज हें वडिलांनीं एकट्यानें वाहावयाचें ओझें, त्याचा उच्चार मुलांदेखत करूं नये, असा आपल्याकडे समज आहे. या समजामागें माया आहे हें आम्ही जाणतों. तथापि तिनें घराचें नुकसान कसें होतें, तेवढें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम बोलण्याची रीत पाहूं. कर्ज देणारा दर महिन्याचा सांगतो : ‘शेकडा तीन.’ ठेव घेणारी बँक दर वर्षाचा सांगते : ‘शेकडा चार.’ ऐकणाऱ्यास दोन्ही आंकडे शेजारशेजारचे वाटतात. किंबहुना कर्जाचाच दर हलका भासतो. आतां पाटी घेऊन बसा. दरमहा शेकडा ३ प्रमाणें १०,००० रुपये घेतले, कांहींच फेडलें नाहीं व व्याज दर महिन्यास मुद्दलांत मिळत गेलें, तर वर्षाअखेर १४,२५८ रुपये होतात आणि दोन वर्षांनीं २०,३२८. तेच १०,००० रुपये दरसाल शेकडा ४ नें ठेवले तर दुप्पट होण्यास सुमारें १८ वर्षें लागतात. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचें व्याजहि महिन्याच्याच भाषेंत सांगण्याचा प्रघात आहे. बिलांत छापलेली ‘किमान रक्कम’ भरली कीं देणें फिटलें, असें अनेकांस वाटतें. वास्तविक तिनें दंड तेवढा चुकतो. बाकीवर व्याज चालूंच राहतें व नव्या खरेदीवरहि तें सवलतीच्या मुदतीवांचून लागूं लागतें.

जुन्या व्यवहारांत या वाढीस एक बांध होता. त्याला दामदुप्पट म्हणत : एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करतां येऊं नये. मुंबई इलाख्यांतील न्यायालयें हिंदु ऋणकोंच्या बाबतींत हा नियम मानीत असत. पण सावकार थकलेलें व्याज मुद्दलांत घालून नवें खत लिहून घेई. नवें मुद्दल झालें कीं नवी दुप्पट. बांध जागच्या जागीं राही व पाणी बाजूनें निघून जाई.

याचा परिणाम सन १८७५ मध्यें दिसला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत (१८६१-६५) आपल्या कापसास भाव आला, तेव्हां कर्ज सहज मिळे. पुढें भाव कोसळले, शेतसारा वाढला, आणि देणें तेवढें राहिलें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांत, भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें दंगा झाला व तो आसपास पसरला. जमावाचा मुख्य रोख माणसांवर नसून खतांवर होता. तीं मिळवून जाळावयाचीं होतीं. ज्याच्या देण्याचा हिशेब त्याच्या स्वतःच्या घरीं नाहीं, त्यास दुसऱ्याच्या घरचा कागद जाळण्याखेरीज उपाय सुचला नाहीं.

दंग्याच्या चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशननें एक गोष्ट नमूद केली, ती आजहि ऐकण्यासारखी आहे. कुणबी लग्नकार्यांत पैसा उडवितो म्हणून बुडतो, या समजुतीस फाजील महत्त्व दिलें गेलें आहे. धान्य, बीं-बियाणें, बैल, सारा यांसाठीं वारंवार काढलेल्या लहान लहान रकमाच कर्ज अधिक फुगवितात, असें त्या कमिशनचें मत पडलें. दुसऱ्याच्या लग्नाचा मांडव मोजणें सोपें असतें. आपल्या वाण्याकडील उधारी मोजण्यास मात्र वही लागते. सन १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्यानें खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला. पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोस दिला. आमच्या मतें हें पासबुक त्या कायद्यांतील फार मोलाचें कलम होय.

घरच्या वहीस एक पान पुरतें. धनकोचें नांव, राहिलेलें मुद्दल, आणि वर्षाचा करून मांडलेला दर. ज्याचा दर अधिक त्यास पैसा आधीं द्यावा. एका हातानें शेकडा ४ मिळवीत दुसऱ्यानें शेकडा ४२ देणें यास आम्ही काटकसर म्हणत नाहीं. आजारपणापुरती थोडी शिल्लक मात्र ठेवावी, नाहींतर त्याच दारीं पुन्हा जावें लागतें. कपाटांत सोनें असूनहि, शेजारणीच्या नजरेस रिकामा गळा पडेल म्हणून तें तारण न ठेवतां त्याहून कितीतरी महाग कर्ज काढणारीं कुटुंबें आम्हीं पाहिलीं आहेत. त्या लाजेची किंमतहि वहींत मांडतां येते.

ज्या मुलाचें वा मुलीचें अक्षर चांगलें असेल त्यानें ही वही लिहावी. पहिल्या दिवशीं सर्व देणीं सांगितलीं जाणार नाहींत. एखादें आठवड्यानें, जेवतांना, हळूच निघेल. त्यासाठीं पानाच्या शेवटीं चार ओळी कोऱ्या सोडाव्यात.