कुणालाही न हरवता पहिला आलेला नियम

आम्हां इतिहासाच्या शिक्षकांची एक अडचण आहे. घडून गेलेला संघर्ष पुन्हा घडवून, दुसरा मार्ग धरला असता तर काय झाले असते, हे पाहता येत नाही. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी हे काम संगणकावर सोपविले.

खेळ साधा होता. दोघांनी प्रत्येक फेरीत एकमेकांस न कळविता साथ द्यावयाची किंवा दगा. दोघांनी साथ दिल्यास प्रत्येकी ३ गुण, दोघांनी दगा दिल्यास प्रत्येकी १. एकाने साथ आणि दुसऱ्याने दगा दिल्यास दगेखोरास ५ व दुसऱ्यास शून्य. फेरी एकच असेल तर दगाच किफायतशीर. पण येथे गाठ २०० फेऱ्यांची होती. अभ्यासकांनी पाठविलेले १४ नियम एकमेकांशी झुंजविले गेले, आणि पहिला आला तो सर्वांत छोटा. अनातोल रॅपोपोर्ट यांचा हा नियम म्हणजे ‘जशास तसे’: आरंभी साथ द्यावी, नंतर समोरच्याने मागील फेरीत जे केले तेच करावे. हा निकाल जाहीर करून पुन्हा स्पर्धा घेतली. ६२ नियम आले, तरी तोच जिंकला.

आपल्याकडे ‘जशास तसे’ म्हटले की सूडच आठवतो. या नियमात मात्र पहिला दगा आपला नसतो, आणि समोरचा वळला की जुना हिशेब मिटतो. शिवाय कोणत्याही एका सामन्यात तो प्रतिस्पर्ध्याहून अधिक गुण मिळवूच शकत नाही. तो पहिला आला, कारण धूर्त नियम एकमेकांना ओरबाडण्यातच खर्ची पडले.

दोष त्यातही आहे. चुकून एकदा दगा घडला की प्रतिदग्यांची साखळी तुटत नाही. १९९२मध्ये नोवाक आणि सिगमंड यांनी दाखविले, की अशा चुका घडणाऱ्या जगात सुमारे तीनांतून एक दगा क्षमा करणारा नियम सरस ठरतो.

आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते निराळेच. सगळे दगेखोर असलेल्या जगात एकटा सहकारी टिकत नाही. पण पुन्हा भेटीची शक्यता पुरेशी असेल आणि अशा मोजक्यांच्या शंभरांतील पाच गाठी जरी आपापसांत पडल्या, तरी ते तग धरून वाढू शकतात, असे ॲक्सेलरॉड यांचे गणित सांगते.

मात्र या खेळात दोघांनाही एकमेकांस सारखीच इजा करता येते. गावगाड्यात तसे नव्हते. तेथे एकाच्या असहकाराची झळ दुसऱ्यास क्वचितच पोहोचे. तो समाज संगणकावर मांडावयाचा झाल्यास आधी गुणांचा तक्ताच बदलावा लागेल.